बाबांचं प्लॅस्टर आणि शनीची मुक्कामी गाडी

यंदा दिवाळीत तारकर्लीचं बुकिंग झालेलं होतं. मी आणि सई पुण्याहून कोल्हापूरला माहेरी आलो आणि आदल्याच दिवशी बाबा बाथरूममध्ये घसरले, उजवा पाय फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. सई दहा वर्षांची आहे, तिचं तोंड एवढंसं झालं. बाबा तिच्यापेक्षा जास्त नाराज, कारण एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि आता नातीची गाडी आपल्यामुळे रद्द झाली हे त्यांना सहनच होईना.

मग मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. नासाचं 'आईज ऑन द सोलर सिस्टिम' म्हणून आहे, ब्राऊझरमध्येच उघडतं, फुकट आहे, डाउनलोड वगैरे काही नाही. पूर्ण सूर्यमाला थ्रीडीमध्ये, माउसनं फिरवायची, ज्या ग्रहावर क्लिक कराल तिकडे उडत जायचं, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे खाली वेळेची पट्टी आहे. १९५० पासून २०५० पर्यंत कुठलीही तारीख लावा, त्या दिवशी ग्रह आणि नासाची यानं जिथे होती (किंवा असणार आहेत) तिथेच दिसतात, कारण मागे जी आकडेमोड आहे ती खरीखुरी यानं चालवायला वापरतात तीच. म्हटलं चला, सात दिवस आहेत, रोज संध्याकाळी जेवणाआधी दोन तास निघायचं. बाबांनी लगेच विचारलं, "वेळापत्रक काय?" आणि सईला वही आणायला लावली.

दिवस पहिला : चंद्र

पहिल्या दिवशी लांब जायचं नाही असं ठरलं. पृथ्वीवरून मागे मागे येत गेलो, पृथ्वी लहान होत गेली तरी चंद्र काही फ्रेममध्ये येईना. सई म्हणाली बिघडलंय. बिघडलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात पृथ्वी आणि चंद्र शेजारी शेजारी छापतात त्यामुळे आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं, पण खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किमी आहे, म्हणजे मधे तीस पृथ्व्या ओळीत मावतात. ते आकड्यात वाचलेलं होतं, पण तो मधला रिकामा काळा पट्टा टीव्हीभर पसरलेला बघितला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बाबांनी ताशी साठच्या हिशेबाने गाडी काढली. कुठे न थांबता २६७ दिवस. "ड्रायव्हर बदलायला लागतील," एवढंच म्हणाले आणि वहीत लिहिलं.

अपोलो ११ निघालं १६ जुलै १९६९ ला आणि चंद्राच्या कक्षेत पोचलं १९ जुलैला. मग चांद्रयान-३ ला चंद्रावर उतरेपर्यंत १४ जुलै ते २३ ऑगस्ट असे चाळीस दिवस का लागले हे सईनं विचारलं. अपोलोचं रॉकेट प्रचंड होतं, एका दमात ढकलून दिलं. आपलं रॉकेट तेवढं मोठं नव्हतं, म्हणून पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारायच्या, पृथ्वीच्या जवळ आलं की थोडा जोर द्यायचा, पुढची फेरी आणखी लांब जाते, असं करत करत शेवटी चंद्राकडे. कमी इंधनात, पण जास्त दिवसांत. बाबांना हे फार पटलं. घाटातून गाडी चढवणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

दिवस दुसरा : बुध, शुक्र, सूर्य

पाहुणे आले त्यामुळे उशिरा बसलो. शुक्र पटकन उरकला, वरून नुसते ढगच, तो उलटा फिरतो आणि स्वतःभोवतीच्या एका फेरीला २४३ दिवस घेतो, वर्ष मात्र २२५ दिवसांचं, एवढं बघून पुढे.

बुधाजवळ आम्ही वेळ एका सेकंदाला एक दिवस अशी पळवली आणि एक खड्डा धरून ठेवला, त्याच्यावर ऊन कधी येतं ते बघायला. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं. म्हणजे तिथे एक दिवस संपेपर्यंत दोन वर्षं होतात! सईनं दोनदा मोजलं, कारण तिचा विश्वास बसेना.

सूर्याबद्दल मला स्वतःला एक गोष्ट नवीन कळली. मला वाटायचं सूर्याकडे जाणं सोपं असेल, नुसतं सोडून दिलं की पडेल. तसं नाही. पृथ्वीच सेकंदाला तीस किमी वेगाने आडवी पळतेय आणि तिच्यावरून निघालेलं यान तोच वेग घेऊन निघतं, तो मोडल्याशिवाय सूर्याच्या जवळ जाताच येत नाही. पार्कर यान १२ ऑगस्ट २०१८ ला निघालं, सात वेळा शुक्राजवळून जाऊन थोडा थोडा वेग त्याला देऊन टाकला, तेव्हा कुठे २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून ६१ लाख किमीवर पोचलं. तिथे मात्र ताशी ६,९०,००० किमीच्या आसपास वेग. रेषा बघितली की कळतं, पाकळ्यांसारख्या एकात एक फेऱ्या, प्रत्येक आधीपेक्षा आत.

दिवस तिसरा : मंगळ

हा दिवस पूर्ण बाबांचा.

आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं हे सगळ्यांना माहितीय. त्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, नासाचं मावेनसुद्धा मंगळाकडे निघालं होतं, ते यात शोधलं की मिळतं, म्हणून आम्ही त्याच्या मागे बसलो आणि आपलं आसपास आहे असं धरलं. तारीख १८ नोव्हेंबर २०१३. मंगळ बघितला तर कुठल्या कुठे! यान ज्या दिशेला चाललंय तिथे मंगळ नाहीच. सई ओरडली, "अगं आई, चुकीच्या बाजूला चाललंय." वेळ पळवली. पृथ्वी आतल्या लेनमधून पुढे निघून गेली, यान मोठा वळसा घेत बाहेर सरकत राहिलं, मंगळ आपल्या गतीनं येत राहिला, आणि दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोघं एका ठिकाणी. मावेन २२ तारखेला, आपलं मंगळयान २४ ला सकाळी. पहिल्याच प्रयत्नात.

बाबा सरळ होऊन बसले, प्लॅस्टरसकट. म्हणाले, "परत लाव." तीन वेळा लावलं. मग म्हणाले की हे कनेक्शन आहे. आपण गाडी जिथे उभी आहे तिथे जायचं नाही, ती जिथे येणार आहे तिथे जायचं. चुकलं तर पुढची कधी? मी सांगितलं, सव्वीस महिन्यांनी, कारण पृथ्वी आणि मंगळाची तशी जागा परत जुळून यायला तेवढा वेळ लागतो. म्हणून तर २०२० च्या जुलैत एकामागोमाग एक अशी तीन देशांची यानं निघाली, अमिरातीचं होप, चीनचं तियानवेन-१ आणि ३० जुलैला नासाचं पर्सिव्हरन्स. तेव्हा बातम्यांमध्ये स्पर्धा स्पर्धा म्हणत होते, पण त्यात मुख्य कारण हे होतं की फलाटावर गाडी तेव्हाच लागते!

रात्री जेवताना सुद्धा तेच. "सव्वीस महिने," मधेच म्हणायचे आणि मान हलवायचे.

(फोबोस राहिला. मंगळाचा हा चंद्र पावणेआठ तासांपेक्षाही कमी वेळात फेरी मारतो, मंगळ स्वतः फिरतो त्याच्यापेक्षा लवकर, त्यामुळे तिथून बघितलं तर तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. नक्की बघा.)

दिवस चौथा : गुरू

लघुग्रहांचा पट्टा आधी लागतो. सगळ्या कक्षांच्या रेषा चालू केल्या की वाटतं आता इथून मुंगी जाणार नाही, पण रेषा बंद करून आत शिरलं की काही म्हणजे काही नाही, दोन दगडांमध्ये लाखो किमी. चित्रात दाखवतात ती दगडांची गर्दी कुठे नाहीच. या रिकामेपणाचं मला या ट्रिपमध्ये रोज नव्यानं आश्चर्य वाटत होतं आणि खरं सांगते, थोडी भीती पण वाटत होती.

मग गुरू आला आणि लाईट गेली. पाऊण तास. तोपर्यंत अंधारात बसून मी सईला गॅलिलिओचं सांगितलं, जानेवारी १६१० मध्ये त्यानं दुर्बिणीतून गुरूशेजारी ठिपके बघितले, रोज जागा बदलणारे, आणि ते गुरूभोवती फिरतायत हे ओळखलं. म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं असं नाही हे डोळ्यांना दिसलं. लाईट आल्यावर आम्ही वरून कॅमेरा लावला, बरोबर डोक्यावरून, मधे गुरू आणि चार चंद्र, आणि वेळ पळवली.

सई तबल्याच्या क्लासला जाते. दोन मिनिटं बघत बसली आणि एकदम मांडीवर ठेका धरला. म्हणाली, "आई, हे बराबर, दुप्पट, चौपट आहे." मला आधी कळेना. गॅनिमीड सात दिवसांच्या जरा वर एक फेरी घेतो, तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. बरोब्बर बराबर, दुप्पट, चौपट! हे एक-दोन-चारचं गणित मला वाचून माहिती होतं पण मी कधी त्याच्याकडे लय म्हणून बघितलंच नव्हतं. ती तोंडानं बोल म्हणत होती आणि पडद्यावर चंद्र फिरत होते आणि ते जुळत होतं, बाबा पण टाळी द्यायला लागले. चौथा कॅलिस्टो, तो पावणेसतरा दिवस घेतो, तो यांच्या तालात नाही, तो आपला बाहेरून चाललाय.

त्यातून एक खेळ निघाला. मी सईला म्हटलं, तिघं एकाच वेळी गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत आलेले पकडून दाखव. अर्धा तास ती पुढेमागे करत बसली. दोघं येतात, तिसरा कुठेतरी दुसरीकडेच असतो. ते होतच नाही. यांच्या फेऱ्या अशा बांधल्या गेल्यात की तिघं तसे कधीच येत नाहीत. आणि ही जी सारखी ठरावीक जागी होणारी ओढाताण आहे तिच्यामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही, कधी गुरूच्या जवळ कधी लांब, त्यानं तो आतून पिळला जातो, तापतो, आणि म्हणून तिथे ज्वालामुखी आहेत. १९७९ मध्ये नासाच्या व्हॉयेजर-१ यानाच्या फोटोत ते पहिल्यांदा दिसले. एका तालामुळे एक अख्खा चंद्र पेटलेला आहे, मला त्या रात्री झोपच लागेना.

दिवस पाचवा : शनी

सकाळपासून बाबा विचारत होते आज कुठे. शनी म्हटल्यावर दाढी करून बसले.

कॅसिनी यान. निघालं १५ ऑक्टोबर १९९७ ला. शनी तिकडे बाहेर आणि हे निघालं आत, शुक्राकडे! एप्रिल १९९८ मध्ये शुक्र, जून १९९९ मध्ये परत शुक्र, ऑगस्ट १९९९ मध्ये चक्क पृथ्वीच्या शेजारून, डिसेंबर २००० मध्ये गुरू, आणि १ जुलै २००४ ला शनी. प्रत्येक ग्रहाच्या मागून जवळ जायचं, त्याच्या गतीतला एक कणभर वेग उचलायचा आणि पुढे. बाबा म्हणाले, डायरेक्ट गाडी नसली की आपण निपाणीला जाऊन पुढची धरतो तसं. सात वर्षांत चार गाड्या बदलल्या.

आणि बाबांनी इथे जो शब्द वापरला तो आता आमच्या घरात कायमचा झालाय. व्हॉयेजर यान शनीजवळून नुसतं निघून गेलं होतं, ती विनाथांबा. कॅसिनी ही मुक्कामी गाडी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथेच झोपणारी आणि पहाटे तिथून निघणारी एसटी, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच राहतात, त्यांना गावातली घरं माहिती असतात. कॅसिनी तेरा वर्षं मुक्कामी होतं म्हणून शनीच्या एन्सेलेडस या चंद्रातून उडणारे पाण्याचे फवारे सापडले, १४ जानेवारी २००५ ला टायटन या दुसऱ्या चंद्रावर कॅसिनीनं सोबत नेलेलं ह्युजेन्स हे छोटं यान उतरलं. जाता जाता बघून हे झालं नसतं.

कडी आम्ही आडवी करून बघितली. मुख्य कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २,८०,००० किमी, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या अपार्टमेंटएवढी पण नाही. कॅमेरा समपातळीत आणला की कडी नाहीशीच होतात.

मग मी तारीख लावली १९ जुलै २०१३. त्या दिवशी कॅसिनी शनीच्या सावलीत गेलं होतं, सूर्य शनीच्या मागे झाकलेला, त्यामुळे कॅमेरा आपल्या दिशेला वळवता आला आणि त्यानं तिथून पृथ्वीचा फोटो काढला, १४४ कोटी किमीवरून. पडद्यावर आम्ही तशाच कोनात गेलो, समोर काळा शनी, कडेनं उजळलेली कडी, आणि कड्यांच्या खाली पृथ्वीचं नाव लिहिलेला एक ठिपका.

बाबा म्हणाले, "तेरा साल?"

आई २०१६ मध्ये गेली.

आपल्याकडे तेव्हा २० जुलैची मध्यरात्र उलटून गेलेली होती, शनी आपल्या आकाशातून मावळलेला, म्हणजे आपली बाजू खरं तर पलीकडे वळलेली. मी पुण्यात, सईचा जन्म नव्हता, आणि आई-बाबा याच घरात, याच खोलीत झोपलेले असणार, आषाढातला पाऊस असणार बाहेर. पलीकडची बाजू असली तरी ठिपका तर अख्ख्या पृथ्वीचाच आहे. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "वेळ थांबव जरा." पट्टीवर थांबवायचं बटण आहे. मी थांबवली. सईला काय कळलं माहिती नाही पण ती पण गप्प बसली. कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही.

त्या दिवशी पुढे काही बघितलं नाही. कॅसिनीचा शेवट, १५ सप्टेंबर २०१७, शनीच्या वातावरणात स्वतःला सोडून दिलं तो, मी एकटीनं रात्री नंतर बघितला.

दिवस सहावा : युरेनस, नेपच्यून, प्लूटो

युरेनस आडवा पडून फिरतो, आस ९८ अंश कललेली. त्याच्याकडे आत्तापर्यंत एकच यान गेलंय, व्हॉयेजर-२, २४ जानेवारी १९८६ ला. नेपच्यूनकडे पण तेच एकटं, २५ ऑगस्ट १९८९. म्हणजे या दोन्ही गावांना आयुष्यात एकच गाडी आली, ती पण विनाथांबा. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांच्या मते मुक्कामी गाडी सुरू झालीच पाहिजे, आणि मला पण तसंच वाटतं.

प्लूटोजवळ जरा रमलो. न्यू होरायझन्स यान २००६ च्या जानेवारीत निघून १४ जुलै २०१५ ला साडेबारा हजार किमीवरून गेलं. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन एकमेकांकडे कायम तोंड करून फिरतात, आणि शॅरन प्लूटोभोवती फिरतो असंही म्हणता येत नाही, कारण दोघं मिळून मधल्या एका रिकाम्या बिंदूभोवती फिरतात, प्लूटोच्या बाहेरच्या. सई म्हणाली फुगडी. फुगडीच आहे, साडेसहा दिवसांना एक फेरी.

दिवस सातवा : व्हॉयेजर

शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी आम्हाला पुण्याला निघायचं होतं.

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. बाहेरचे चार मोठे ग्रह एकाच यानाला ओळीनं गाठता येतील असे जुळून येणं हे पावणेदोनशे वर्षांतून एकदा होतं आणि ते तेव्हा झालं. सव्वीस महिने म्हणून मान हलवणारे बाबा यावर काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले. १९७७ म्हणजे ते नुकतेच एसटीत लागले होते.

सूर्यमाला कडेनं बघितली की ताटासारखी चपटी दिसते, सगळ्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत. व्हॉयेजर-१ त्या ताटात शनीपर्यंत जातं आणि तिथून एकदम वर निघून जातं, कारण नोव्हेंबर १९८० मध्ये त्याला टायटनच्या जवळून न्यायचं ठरवलं होतं आणि त्या वळणानं त्याची वाटच बदलली. व्हॉयेजर-२ नेपच्यूननंतर खाली. दोन रेषा, ताटाच्या वर एक, खाली एक.

यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठी पण आहे, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा सांगणारं. आणि गाणं आहे केसरबाई केरकरांचं, भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचं. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या दरबारातले, त्यामुळे बाबा ताठ झाले. मी ते गाणं फोनवर लावलं आणि पडद्यावर तारीख लावली १६ सप्टेंबर १९७७. त्या दिवशी केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ निघून फक्त अकरा दिवस झाले होते. पृथ्वी अजून जवळ होती, चंद्र शेजारी. दोनच दिवसांनी, १८ तारखेला, यानानं मागे वळून पृथ्वी आणि चंद्राचा एकत्र फोटो काढला, एका फ्रेममध्ये दोघं पहिल्यांदाच, १ कोटी १७ लाख किमीवरून. पहिल्या दिवशी सईला फ्रेममध्ये चंद्र मिळत नव्हता ना, तो फोटो हा.

गाणं चालू असताना आम्ही वेळ पळवली, १९७९ गुरू, १९८० शनी, मग पुढे नुसता अंधार, आणि गाणं संपेपर्यंत आजच्या तारखेला आलो. आज ते अडीच हजार कोटी किमीच्या पुढे आहे, प्रकाशाला पोचायला तेवीस तासांहून जास्त लागतात, आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये ते बरोबर एक दिवस लांब होईल. म्हणजे इथून हाक मारली की पूर्ण चोवीस तासांनी पोचणार.

बाबांनी वही मागितली. मी बॅगा भरत होते तेव्हा ते आणि सई काहीतरी करत बसले होते. सकाळी निघताना बघितलं तर नवीन कालनिर्णयच्या नोव्हेंबरच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या जागेत, बाबांच्या त्या डेपोच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : 'मंगळ – गाडी लागेल (सुमारे). व्हॉयेजर – १ दिवस.' आणि खाली सईच्या अक्षरात : 'आबा पाय बरा. तारकर्ली.'